'फोर स्टिक्स' आणि मुंबईचे वादक

हार्ड रॉकच्या इतिहासात मानदंड ठरलेला लेड झेपेलिनचा चौथा आल्बम नोव्हेंबर १९७१ मध्ये प्रकाशित झाला. त्याचे बरेचसे ध्वनिमुद्रण इंग्लंडमधील हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत, फिरत्या स्टुडिओच्या साहाय्याने झाले. त्यातील 'फोर स्टिक्स' या गीतात पाच आणि सहा मात्रांची आवर्तने एकमेकांत गुंतलेली आहेत. जॉन बॉनहॅमने प्रत्येक हातात दोन काठ्या घेऊन ड्रम वाजवले, त्यावरून हे नाव पडले.

१९७२ मध्ये जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी मुंबईत स्थानिक वादकांसह हे गीत पुन्हा मुद्रित केले. तीच लय तबल्यावर आली. हे मुद्रण अधिकृतपणे प्रकाशित झाले ते २०१५ मध्ये, 'कोडा'च्या विस्तारित आवृत्तीत. शीर्षकात वादकांची ओळख एवढीच: 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'.

प्रभावाचा इतिहास लिहिताना घेणाऱ्याचे नाव नोंदले जाते, देणारा मात्र समूहनामात विरून जातो. लोकगीतांच्या संग्रहांतही संकलकाचे नाव मुखपृष्ठावर असते आणि गाणारी पुष्कळदा निनावी राहते. म्हणूनच नंदुरबार जिल्ह्यात भिली, पावरी गीते टिपणाऱ्या विद्यार्थ्याने वहीत गीताच्या आधी, तिची संमती घेऊन, गाणारीचे नाव लिहावे.