हार्टफर्डचे छत : झोल दिसला होता, मोजलाही होता

१७ जानेवारी १९७८ ची रात्र. अमेरिकेतील हार्टफर्ड शहराच्या सिव्हिक सेंटरमध्ये बास्केटबॉलचा सामना पाहून सुमारे ५,००० प्रेक्षक घरी परतले. बाहेर हिमवर्षाव चालू होता. काही तासांनी, पहाटे सव्वाचारच्या सुमारास, ते विशाल छत कोसळले. सभागृह रिकामे होते, म्हणूनच जीवितहानी टळली.

३०० × ३६० फुटांचे हे छत म्हणजे पोलादी दांड्यांचा त्रिमिती सांगाडा, अवघ्या चार खांबांवर पेललेला. त्याचे गणित संगणकाने केले होते. त्या काळी ही अपूर्वाईच!

सांगाडा जमिनीवर जोडून ८३ फूट वर उचलला गेला. तेव्हा मोजलेला झोल गणिताने वर्तवलेल्या झोलाच्या जवळजवळ दुप्पट भरला. असा फरक अपेक्षितच असतो, असे अभियंत्यांचे उत्तर आले. पुढे कडेची तावदाने बसवणाऱ्या कंत्राटदाराला मापे जुळेनात. त्यालाच जुळवून घ्यायला सांगण्यात आले. एका सामान्य नागरिकाने तर मधला झोल पाहून शंका विचारली. त्याचीही समजूत घालण्यात आली.

चौकशीत उघड झाले, की वरच्या थरातील दाब सोसणाऱ्या दांड्यांना पुरेसा आडवा आधारच नव्हता. ते हळूहळू बाक घेत होते आणि आपला भार शेजाऱ्यांवर ढकलत होते. हिम केवळ निमित्त ठरले.

मापन झाले होते. सातत्याने झाले नव्हते. एवढ्या उंचीवर पुन्हा पुन्हा चढून मोजणार कोण? आज ही अडचण स्पर्शाविना सुटते. जमिनीवर ठेवलेला लेझर स्कॅनर छतावरील लक्षावधी बिंदूंची स्थाने टिपतो. काही महिन्यांनी तेच टिपण पुन्हा घेतले, की कोणता भाग किती मिलिमीटर खचला हे कळते. रडार परतलेल्या लहरीच्या कलेतील सूक्ष्म बदलावरून मिलिमीटरहूनही लहान कंप ओळखते.

तरीही ही उपकरणे सर्वसाक्षी नव्हेत. २ जानेवारी २००६ रोजी जर्मनीतील बाड राइखेनहाल येथे बर्फावरील क्रीडागृहाचे छत पडून १५ जण दगावले. तेथे लाकडी तुळयांमधला सरस वर्षानुवर्षांच्या ओलाव्याने आतून निकामी झाला होता. लेझरला केवळ पृष्ठभाग दिसतो. असा सांधा तपासायला आजही माणसाला शिडी लावून वर चढावेच लागते.