नोकरी सांभाळून एलएल.बी.

१९७४ साली आमचा पहिला तास सकाळी साडेसातला असे. डोंबिवलीहून लोकलने व्ही.टी., तिथून ए रोडवरच्या कॉलेजपर्यंत पायपीट, हजेरी लावायची आणि साडेदहाच्या आत फोर्टातल्या ऑफिसात मस्टरवर सही. एलएल.बी. म्हणजे नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात करायची गोष्ट, असंच घरी-दारी सगळे धरून चालत. मलाही त्याची थोडी लाज वाटे. पुढे आमच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचा इतिहास वाचला आणि ती गेली.

हे कॉलेज १८५५ चं, म्हणजे मुंबई विद्यापीठाहून दोन वर्षांनी थोरलं. सर अर्स्किन पेरी या मुख्य न्यायाधीशांच्या नावाने न्यायशास्त्राचं अध्यासन निघालं आणि एल्फिन्स्टनच्या आसऱ्याने वर्ग सुरू झाले. शिकवणारे बहुतेक कोर्टात वकिली करणारे, म्हणजे तेही आमच्यासारखेच उरलेल्या वेळातले! टिळक इथून १८७९ मध्ये एलएल.बी. झाले. वकिली मात्र केली नाही. १८८० च्या १ जानेवारीला पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडलं. पदवी वाया गेली म्हणावं, तर त्यांनी पुण्यात कायद्याचा क्लास चालवला आणि १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात स्वतःची बाजू स्वतःच मांडली.

मी रेंगाळतो तो मात्र बाबासाहेबांपाशी. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळणारा हा माणूस पुढच्याच जूनमध्ये इथे कायदा शिकवायला आला. त्या सुमारास एम. सी. छागलाही तिथेच शिकवत. काय स्टाफरूम असेल! बाबासाहेब या कॉलेजचे विद्यार्थी नव्हेत; बॅरिस्टर झाले ते लंडनच्या ग्रेज इनमधून. पण १९३५ साली सरकारने त्यांना प्राचार्य नेमलं. २७ मेला पत्नी रमाबाई गेल्या, १ जूनला ते त्या खुर्चीत बसले. १३ ऑक्टोबरला येवल्यात त्यांनी जाहीर केलं, की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. सोमवार ते शनिवार प्राचार्यपद आणि रविवारी येवला! पुढच्या वर्षी स्वतंत्र मजूर पक्षही काढला. एवढ्या धामधुमीतही कायद्याचं शिक्षण कसं सुधारावं, यावर कॉलेजच्या मासिकात लेख लिहायला त्यांनी वेळ काढला. १९३८ मध्ये त्यांनी पद सोडलं. त्यांच्यानंतर आले आसफ फैजी, मुस्लिम कायद्यावरच्या प्रमाण ग्रंथाचे कर्ते. इस्माइली पंथाच्या जुन्या अरबी पोथ्या हा त्यांच्या अभ्यासाचा दुसरा संसार. पुढे ते इजिप्तमध्ये राजदूत झाले.

सनद मिळाल्यावर ऑफिसात राजीनामा द्यायला गेलो, तर हेडक्लार्क म्हणाले, "घाई कशाला? कोर्ट अकराला भरतं, सकाळ तर मोकळीच आहे."