खुंटी ते टॉगल : भिंतीतल्या आधाराची कुळकथा

भिंतीवरच्या टीव्हीमागे जो बोल्ट असतो, त्याचा मूळपुरुष लाकडी खुंटी. मराठवाड्यात या घराण्याचा माग काढायचा तर सास्तूरपासून काढावा. आज लोहारा तालुक्यात आणि पूर्वी उमरगा तालुक्यात असलेल्या या गावाने, भिंत म्हणजे काय आणि भिंतीतला आधार म्हणजे काय, हा फरक फार मोठी किंमत देऊन पाहिला आहे.

जुने सास्तूर आसपासच्या गावांसारखेच दगड-मातीचे होते. घरात लाकडी खांब आणि तुळयांचे खण, त्यावर फळ्या, फळ्यांवर मातीचा जाड थर म्हणजे माळवद. बाहेरून काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या भिंती. त्यांची जाडी दीड फुटापासून काही ठिकाणी तीन फुटांपर्यंत. अशा घरात वस्तू ठेवायच्या त्या भिंतीच्या पोटात. दिव्याला देवळी, भांड्यांना कोनाडा, कागदपत्रांना फडताळ. टांगायची वस्तू असेल तर खुंटी. ती भिंत रचतानाच बसवलेली बरी. मागचे टोक दगडांत खोल रुतते आणि वरच्या थरांचा भार तिला जागीच दाबून धरतो. कंदील, कासरा, पिशवी, वीणा, सगळे तिच्या जिवावर लटकायचे. खुंटीचे बळ भिंतीबाहेर दिसणाऱ्या टोकात नसते, आत गेलेल्या लांबीत असते. पुढच्या सगळ्या पिढ्यांनी हाच गुण उचलला.

वीज आली तेव्हा प्रश्न बदलला. आता भिंत आधीच उभी होती आणि तिच्यावर तारांच्या पट्ट्या, स्विचचे बोर्ड बसवायचे होते. दगडात किंवा विटेत स्क्रू धरत नाही. मग छिन्नीने चौकोनी भोक पाडायचे, त्यात लाकडी गिट्टी ठोकायची, भोवती सिमेंट भरायचे आणि स्क्रू त्या लाकडात पिळायचा. गिट्टी म्हणजे उशिरा बसवलेली खुंटीच. पण तिच्यासाठी भिंत बरीच फोडावी लागे, आणि लाकूड वाळून आक्रसले की ती सैल होई.

त्यावर तोडगा निघाला लंडनमध्ये. ब्रिटिश म्युझियमच्या भिंतींना इजा न करता विजेचे सामान बसवायचे होते, आणि त्या कामातून जॉन रॉलिंग्ज या कंत्राटदाराने १९११ च्या सुमारास नवी गिट्टी शोधली. तागाचे तंतू जनावराच्या रक्तापासून केलेल्या चिकट पदार्थाने बांधून त्याने बारीक नळी तयार केली. छोट्या गोल भोकात ती सरकवायची. स्क्रू आत जाताना ती फुगते आणि चारी बाजूंनी भिंतीवर दाब देते. त्याच्या नावावरून आलेला ‘रावल प्लग’ हा शब्द आपल्याकडच्या इलेक्ट्रिशियनांच्या तोंडी कायमचा बसला. १९५८ मध्ये जर्मनीच्या आर्थर फिशरने हीच नळी नायलॉनची केली. पुढचे टोक दुभंगलेले, बाजूंना दाते आणि भोकात नळी गरगर फिरू नये म्हणून छोटे पंख. आज कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी प्लॅस्टिकची गिट्टी याच वंशातली.

या साऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती : भिंत आतपर्यंत भरीव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी सास्तूरच्या भिंतींनी हे गृहीतक मोडले. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. ६.२ तीव्रतेच्या त्या भूकंपात आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. किल्लारी आणि सास्तूर या गावांना सर्वात जबर तडाखा बसला. पडलेल्या भिंती अभियंत्यांनी पाहिल्या तेव्हा त्यांची रचना उघडी पडली. तीन फूट जाडीची भिंत म्हणजे खरे तर दोन पातळ भिंती होत्या. एक आतली, एक बाहेरची, मध्ये दगडांचे तुकडे आणि माती. दोन्हींना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. हादऱ्याने बाहेरचा थर बाहेर फुगला, आतला घरात कोसळला. कित्येक घरांत लाकडी खण उभे राहिले आणि भिंती मात्र ढिगारा झाल्या. जाडी होती, एकजीवपणा नव्हता.

दगडी बांधकामासाठी १९९३ च्याच भारतीय मानकात, आयएस १३८२८ मध्ये, यावरचा उपाय स्पष्ट आहे. भिंत ४५० मिलिमीटरपेक्षा जाड नको, आणि दर ६०० मिलिमीटर उंचीवर, आडव्या रेषेत १.२ मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता, भिंतीच्या पूर्ण जाडीचा दगड हवा. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली, त्यांत सास्तूर होते. इतर हजारो गावांत जुनी दगडी घरे उभीच होती, म्हणून त्यांच्या मजबुतीकरणासाठीही शासनाने जागतिक बँकेच्या मदतीने कार्यक्रम राबवला. त्यात शिकवलेली एक रीत या कुळकथेतली महत्त्वाची पिढी आहे. भिंतीतले दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक करायचे, त्यात दोन्ही टोकांना आकडा असलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचे. अलग पडू पाहणारे दोन थर त्या आकड्यांनी एकमेकांना धरतात. खुंटी वस्तू धरत होती. ही सळई भिंतीलाच धरू लागली.

दरम्यान भिंतीचा आणखी एक प्रकार जगभर पसरला होता. अमेरिकेच्या ऑगस्टीन सॅकेटने १८९४ मध्ये कागद आणि प्लास्टर यांच्या थरांच्या तक्त्याचे पेटंट घेतले. त्यातूनच पुढे आजचा जिप्सम बोर्ड घडला. त्याची नेहमीची जाडी १२.५ मिलिमीटर, मागे पत्र्याची चौकट आणि पोकळी. इथे गिट्टीला दाबायला काही उरतच नाही. म्हणून टॉगल आला. भोकातून पंख मिटून आत जायचे, पोकळीत उघडायचे आणि बोर्डाला मागून धरायचे. आकड्याच्या सळईचा हा चुलतभाऊ.

मग टीव्ही चपटा झाला. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले, त्यानंतरची तीसेक वर्षे जड काचेचा टीव्ही टेबलावर नाहीतर शोकेसमध्येच बसला. आजचा ४३ इंची टीव्ही आठ-दहा किलोचा असतो आणि तो सरळ भिंतीवर जातो. स्टँड भिंतीला चिकटून असेल तर भार मुख्यतः खाली ओढतो. पुढे येणारा हात असेल तर हिशेब फिरतो. १० किलोचा टीव्ही भिंतीपासून ४० सेंटिमीटर पुढे आला आणि वरच्या-खालच्या बोल्टांत २० सेंटिमीटर अंतर असले, तर वरच्या बोल्टांवर २० किलोची ओढ बाहेरच्या दिशेने येते. टीव्हीच्या वजनाच्या दुप्पट.

सर्वात फसवी भिंत उष्णतारोधक जिप्सम बोर्डाची. थंड देशांतल्या जुन्या विटांच्या घरांना आतून असे बोर्ड लावतात. आपल्याकडे वातानुकूलित खोल्यांना फोमचे अस्तर देतात, तिथेही हाच पेच. बोर्ड १२.५ मिलिमीटर, त्यामागे समजा ५० मिलिमीटर फोम, मग चिकटवण्याच्या गोळ्यांमुळे राहिलेली दहाएक मिलिमीटरची फट. म्हणजे वीट सुरू होते सत्तरच्या पुढे. नेहमीचा ५० मिलिमीटरचा स्क्रू फोममध्येच संपतो. मागे फोम चिकटलेला असल्याने टॉगलला पंख उघडायलाही जागा नाही.

अशा भिंतीत बोल्ट विटेत किमान ५० मिलिमीटर शिरला पाहिजे, म्हणजे एकूण लांबी सव्वाशे मिलिमीटरच्या घरात जाते. बोर्ड आणि फोम यांच्या जाडीतून लोखंडी नळी घालून बोल्ट तिच्यातून न्यावा. नळी विटेवर टेकते, म्हणून पिळताना बोर्ड चेपत नाही आणि बोल्टही वाकत नाही. बोर्ड अजून लागायचा असेल तर त्याहून सोपे. टीव्हीची जागा आधी ठरवून तिथे १८ मिलिमीटरचा प्लाय विटेला किंवा चौकटीला कसून घ्यावा, मग त्यावर बोर्ड लावावा. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकची भिंत असेल तर तिथेही आधी पोकळी कुठे आहे ते पाहावे.

१९९३ मध्ये किल्लारी-सास्तूरचा पट्टा देशाच्या भूकंप नकाशावर सर्वात कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या क्षेत्रात आला. त्यामुळे इथल्या घरात टीव्ही, कपाट, पाण्याची टाकी भिंतीला बांधणे हा सुरक्षेचा भाग आहे, कारण हादऱ्यात घर टिकले तरी सुटलेल्या वस्तू माणसाला जखमी करतात. ड्रिल चालवण्याआधी मिस्त्रीला तीन प्रश्न विचारावेत : भिंत कशाची, भरीव भाग किती आत, आणि बोल्ट तिथपर्यंत पोचतो का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आल्याशिवाय भोक पाडू देऊ नये.