न्यायसभेपुढे उभा राहिलेला विचार : सॉक्रेटिस आणि चक्रधर



चोरावर, दरोडेखोरावर खटला चालतो हे आपण रोज पेपरात वाचतो. पण ज्याने कुणाचे काही चोरले नाही, कुणावर हात उगारला नाही, फक्त माणसांना विचार करायला शिकवले, अशा माणसांवरही खटले चाललेले आहेत. इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडले आहे. त्यातले दोन खटले इथे सांगतो. एक परदेशातला, दुसरा आपल्या गोदाकाठचा. पहिला कॉलेजात शिकवला जातो. दुसरा महाराष्ट्राला माहीत असायला हवा तेवढा माहीत नाही.

ग्रीस देशातील अथेन्स नगरात सॉक्रेटिस राहत होता. बाप पाथरवट, आई सुईण. अंगावर साधे वस्त्र, पायात काही नाही, आणि दिवसभर बाजारपेठेत लोकांशी बोलत बसायचे. बोलायचे म्हणजे काय, तर प्रश्न विचारायचे. न्याय न्याय म्हणता, तो असतो कसा? शौर्य कशाला म्हणायचे? मोठमोठे सरदार, पुढारी त्याच्यापुढे गप्प व्हायचे आणि तरुण पोरं ते बघून स्वतः प्रश्न विचारायला शिकायची. झाले! इ.स.पूर्व ३९९ साली मेलेटस, अॅनिटस आणि लायकन या तिघांनी त्याच्यावर फिर्याद केली. आरोप दोन. हा नगराच्या देवांना मानत नाही आणि हा तरुणांना बिघडवतो.

सुमारे पाचशे नागरिकांच्या सभेने निकाल दिला. फक्त तीस मते इकडची तिकडे झाली असती तर सॉक्रेटिस सुटला असता. तो तेव्हा सत्तर वर्षांचा होता. तुरुंगातून पळवून नेण्याची तयारी क्रिटो नावाच्या मित्राने केली होती. सॉक्रेटिस नाही म्हणाला. जन्मभर ज्या नगराच्या कायद्याखाली राहिलो, तो कायदा आज माझ्यावर उलटला म्हणून मोडू काय, असा त्याचा सवाल होता. त्याने विषाचा पेला शांतपणे घेतला.

गिरणीत रातपाळीला असताना सुट्टीच्या वेळात मी हे प्रथम वाचले, तेव्हा वाटले होते, आपल्याकडे असे काही झाले नसेल. पुढे वाचत गेलो तेव्हा कळले की झाले आहे.

तेराव्या शतकात देवगिरीवर यादवांचे राज्य होते. गुजरातेतून आलेले चक्रधर स्वामी त्या काळी महाराष्ट्रभर पायी फिरत होते. रिद्धपूरचे गोविंदप्रभू हे त्यांचे गुरू. चक्रधर संस्कृत जाणत होते, पण बोलले मराठीत. ज्ञान संस्कृतच्या कुलपात ठेवले तर ते बायाबापड्यांच्या कामाचे नाही, हे त्यांचे शिष्य नागदेवाचार्यांनी पुढे विद्वानांनाही ठणकावून सांगितले. भिक्षा चारी वर्णांच्या घरी मागावी, ही त्यांची शिकवण. बाईची मासिक पाळी हा शरीराचा धर्म, जसे नाकाला पाणी येते तसेच, त्यात विटाळ कसला, असे त्यांनी आपल्या शिष्यिणींना समजावले. सातशे वर्षांपूर्वी! आजही किती घरांत बाई चार दिवस बाजूला बसते, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. चक्रधर हे निरीश्वरवादी नव्हते. एकच परमेश्वर, बाकीच्या देवतांची पूजा नको, असे त्यांचे मत होते. आपला बौद्धांचा मार्ग वेगळा आहे. पण एवढ्यानेही व्रतवैकल्यांवर जगणारे हादरले. यादवांचा बडा अधिकारी हेमाद्री पंडित, म्हणजे आपण ज्याला हेमाडपंत म्हणतो, त्याने चतुर्वर्गचिंतामणी हा प्रचंड ग्रंथ रचला आहे. कोणते व्रत कधी करावे, दान कसे द्यावे, याचाच त्यात मोठा विस्तार. एकीकडे हा ग्रंथ आणि दुसरीकडे चक्रधरांचे बोलणे. दोघांचे पटणार कसे?

लीळाचरित्राच्या जुन्या पोथ्यांत सांगितले आहे की पैठणला आदित्याच्या देवळात सभा भरली आणि स्वामींना तिथे बोलावले गेले. हेमाद्री होता. ज्यांचे स्वामींकडे येणेजाणे होते ते सारंगपंडितही होते. आक्षेप काय, तर बायका यांच्या नादी लागतात. सभेत सगळ्यांनाच हे पटले होते असे नाही, पण निर्णय झाला. नाक कापण्याची शिक्षा दिली गेली आणि पुढे शिरच्छेद केला, असे वर्णन काही पोथ्यांत येते. महानुभाव बांधवांची श्रद्धा अशी की स्वामी मेले नाहीत, उत्तरेकडे निघून गेले. त्या श्रद्धेचा आदर ठेवूनही सभेची गोष्ट झाकता येत नाही. साल १२७४ च्या सुमाराचे.

आता दोन्ही आरोप शेजारी ठेवून पाहा. तिथे म्हणाले, तरुण बिघडतात. इथे म्हणाले, बायका बिघडतात. म्हणजे राग बोलणाऱ्यावर होता त्यापेक्षा ऐकणाऱ्यांवर जास्त होता. ज्यांनी मान खाली घालून ऐकायचे ते मान वर करून विचारू लागले, हा खरा गुन्हा!

आपण शीवला राहतो. शीव म्हणजे हद्द. आपल्या पूर्वजांना गावाच्या शिवेवर ठेवले होते, म्हणून ही हद्द कोण आखतो आणि कशासाठी, हे आपल्याला कुणी वेगळे शिकवायला नको.

आणखी एक साम्य आहे. सॉक्रेटिसने एक ओळ लिहिली नाही, चक्रधरांनीही नाही. मारणाऱ्यांना वाटले, माणूस संपला की विषय संपला. पण सॉक्रेटिसचे बोलणे प्लेटोने लिहून ठेवले. चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना भेटून गोळा केल्या. त्यातून तेराव्या शतकाच्या अखेरीस लीळाचरित्र उभे राहिले, मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ. पुढे महानुभावांनी पोथ्या सांकेतिक लिपीत ठेवल्या, त्यामुळे शेकडो वर्षे त्या बाहेरच्यांना वाचता आल्या नाहीत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा भाषेच्या प्राचीनतेच्या पुराव्यांत हाच ग्रंथ अभिमानाने पुढे केला गेला. ज्यांना सभेत उभे करून शिक्षा दिली, त्यांच्याच शब्दांवर मराठीचा मान उभा आहे.

तथागतांनीही स्वतः लिहिले नव्हते. महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला संगीती भरली, आनंदाने सुत्ते सांगितली, उपालीने विनय सांगितला, म्हणून धम्म आपल्यापर्यंत आला.

म्हणून विहाराच्या या वर्धापनदिनी दोन गोष्टी मांडतो. पहिली, वंदनेनंतर मुलांनी आणि बायांनी प्रश्न विचारले तर त्यांना गप्प बसवू नका. तपासून मगच स्वीकारा, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. दुसरी गोष्ट घाईची आहे. ७ डिसेंबर १९५६ ला दादर चौपाटीवर बाबासाहेबांना अखेरचा निरोप द्यायला आईबापांचे बोट धरून गेलेली मुले आज पंच्याहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. आपल्या वस्तीत, नात्यात अशी आजी-आजोबा असतील. त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. काय पाहिले, काय ऐकले, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. दोघांची आठवण वेगळी निघाली तर दोन्ही लिहा, म्हाइंभटांच्या परंपरेत तसेच केलेले आहे. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत त्यातली चार पाने जरी छापली गेली तरी पुष्कळ झाले.

नमो बुद्धाय! जय भीम!