जीपचं चाक मोठं होताना

पुण्यातल्या कुठल्याही आयटी कंपनीच्या पार्किंगमध्ये हल्ली एकतरी उचललेली थार असतेच. मालक भेटला की गाडीच्या आधी टायरचं कौतुक सुरू होतं. "तेहतीस इंची टाकलेत!" वगैरे. गंमत म्हणजे आपल्याकडच्या जीपचा इतिहास बघितला तर पहिली साठ वर्षं चाकाची उंची जवळजवळ हललेलीच नाही.

१९४१ ची विलीज एमबी घ्या. वजन साधारण ११०० किलो, इंजिन ६० अश्वशक्तीचं, टायर ६.००-१६. म्हणजे सहा इंच रुंद आणि आत सोळा इंची रिम. त्या काळी टायरची जाडी रुंदीइतकीच धरायचे, म्हणून १६ अधिक दोनदा ६, झाले २८ इंच. आजच्या मानाने अगदीच किडमिडीत चाक. पण वरचा चिखल कापून खालच्या टणक जमिनीवर टेकायला अरुंद टायरच बरा पडतो. (काळ्या मातीत पावसाळ्यात रुतलेली गाडी ज्यांनी ढकललीय त्यांना वेगळं सांगायला नको.)

हेच चाक १९४७ पासून मुंबईत आलं. १९४५ साली सुरू झालेली 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी विलीजचे सुटे भाग आणून इथे जीप जोडू लागली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीच्या नावात मोहम्मदच्या जागी दुसरा महिंद्रा आला. असो.

आता मुद्द्याचं. विलीजवाल्यांना चाक आणि गिअर यांचं नातं पक्कं ठाऊक होतं. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये त्यांनी शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए काढली. नांगर ओढायचा तर वेग नको, ताकद हवी. त्यांनी चाक तेच ठेवलं आणि ॲक्सलचं गुणोत्तर ४.८८ वरून ५.३८ केलं. ओढण्याची ताकद दहा टक्क्यांनी वाढली. आता याच जीपला कोणी दहा टक्के मोठं चाक बसवलं, तर ही सगळी कमाई साफ गेली! मोठा टायर म्हणजे गुपचूप बदललेला गिअरच. क्लच जास्त घासतो, ब्रेकला जास्त जोर लागतो आणि स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो. ३१ च्या जागी ३३ इंच टाकले की काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८५ ने पळत असते. ओडोमीटरही कमी किलोमीटर मोजतो, मग मालक म्हणतो ॲव्हरेज पडलं.

मग लोक हे करतात कशाला? कारण सस्पेन्शन उचलून फक्त बॉडी वर जाते, मडगार्डखाली जागा होते. ॲक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा आहे तिथेच राहतो आणि दगडावर आपटतो तो नेमका तोच. त्याला वर न्यायचा एकच मार्ग, मोठं चाक. तेही निम्म्याच हिशेबाने: दोन इंच मोठा टायर, एक इंच उंची. सगळा खटाटोप त्या एका इंचासाठी!

२०१० ची पहिली थार, त्यातली सीआरडीई, २३५/७० आर १६ टायरवर आली. हिशेब करून बघा, २९ इंच. विलीजपेक्षा जेमतेम इंचभर जास्त. खरी उडी २०२० च्या थारने मारली: २५५/६५ आर १८, म्हणजे ३१ इंच. इतकी वर्षं गॅरेजवाले जे करत होते तेच कंपनीने केलं. फरक एवढाच की सोबत डिझेल इंजिन १०५ वरून १३० अश्वशक्तीचं झालं, मागचे पाटे जाऊन कॉइल स्प्रिंग आल्या, जमिनीपासूनची उंची २०० वरून २२६ मिलिमीटर झाली. एक मोड्यूल बदललं की बाकीचं टेस्ट करावं लागतं, हे आपल्या धंद्यातल्यांना तरी पटावं.

कायद्याचंही बघायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे लावलं. तेव्हापासून बदल केलेली गाडी अडवली की याच निकालाचा दाखला निघतो. माझ्या मते टायरच्या बाबतीत ही भीती अगदीच वाईट नाही. ब्रेक तेच ठेवून ३५ इंची चाकावर एक्सप्रेसवेला शंभरने जाणारा माणूस शेजारच्या लेनमध्ये नसलेला बरा.

२०२४ च्या वरच्या श्रेणीतल्या रॉक्सची रिम १९ इंचांची झाली, पण टायर २५५/६०, म्हणजे एकूण उंची पुन्हा ३१ इंचच. रिम वाढली तेवढं रबर कमी झालं. रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंत आता १५३ मिलिमीटर रबर उरतं. सहा इंच, १९४१ च्या जीपला होतं तेवढंच!