जेऊरचं ग्रहण आणि आजीचा झारा

२५ ऑक्टोबर २०२२. लक्ष्मीपूजनाचा दुसरा दिवस, आणि सूर्य ग्रहणातच मावळणार होता. काष्टीच्या घरी आजीने दारं-खिडक्या लावून घेतलेल्या, पाण्यात तुळशीपत्र टाकलेलं. मी मात्र इंजिनियर ना! चुलत भावाला गच्चीवर नेलं आणि आजोबांच्या जुन्या एक्स-रे फिल्ममधून ग्रहण दाखवलं. वर आजीला अंधश्रद्धेवर लेक्चर.

दुसऱ्या दिवशी पोरगं म्हणालं, "दादा, पुस्तकात मधेच डाग दिसतोय."

डोळ्याच्या पडद्याला इजा झाली होती. डाग जायला दोन महिने लागले. तोवर मला नीट झोप नव्हती. आजीला आम्ही 'नंबर आलाय' एवढंच सांगितलं.

त्यानंतर ग्रहणांबद्दल वाचत सुटलो आणि जेऊर सापडलं. दौंडला जाऊन सोलापूरची गाडी धरली की वाटेत करमाळा तालुक्यातलं हे स्टेशन लागतं. २२ जानेवारी १८९८ ला (वार शनिवार, म्हणजे आमच्याकडे बाजार!) इथून खग्रास सूर्यग्रहण दिसलं, सुमारे दोन मिनिटं. तेवढ्यासाठी कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल ४० फुटी कॅमेरा घेऊन आले होते. आणि पुण्याहून कावसजी दादाभाई नायगामवाला, कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे. तिथली वेधशाळा त्यांनीच उभारलेली. इतक्या जवळची गोष्ट, पण शाळेत कुणी सांगितली नाही राव...

त्याच ग्रहणाला नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर होते. (त्यांनी १८६८ साली तिथे हेलियम शोधला, हे फॉरवर्ड कृपया थांबवा. त्या ग्रहणाच्या वेळी ते इंग्लंडात होते.) 'मेलपोमेनी' युद्धनौकेवरच्या खलाशांना त्यांनी कामं वाटून दिली, तालमी घेतल्या. टेस्टिंगशिवाय रिलीज नाही! मी काय केलं? कपाटातून एक्स-रे काढला.

एक्स-रे, काजळी धरलेली काच, गॉगल यांतून सूर्य मंद दिसतो, म्हणून आपण टक लावून बघतो. घातक किरण आत जातच राहतात. पडद्याला वेदना होत नाही, त्यामुळे तेव्हा काही कळतही नाही.

पुढचं ग्रहण २ ऑगस्ट २०२७, सोमवार, दुपार कलल्यावर. इजिप्तमध्ये लक्झरला सहा मिनिटांहून जास्त खग्रास, आपल्याकडे खंडग्रास. म्हणजे जेऊरकरांना मिळाली तशी उघड्या डोळ्यांनी बघायची मुभा आपल्याला एक सेकंदही नाही. गावातल्या शाळेत आयएसओ १२३१२-२ चे चष्मे द्यायचे ठरवलंय, ओरखडा असेल तर सरळ कचऱ्यात. पण खरा भर सावल्यांवर. पुठ्ठ्याला टाचणीचं भोक पाडायचं, सूर्याकडे पाठ करायची, समोरच्या कागदावर कोर बघायची. ऑगस्टात ढग असतीलच, पण आमच्याकडे पाऊस तसाही नावालाच :-)

तालमीसाठी गेल्या शनिवारी आजीकडे झारा मागितला. उन्हात धरून भिंतीवरचे गोल गोल सूर्य तिला दाखवले. ग्रहणात या प्रत्येकाची कोर होणार, हेही सांगितलं.

"म्हणजे त्याच्याकडे पाठ करून बघायचं?"

"हो."

"मग मीबी बघीन. झारा मात्र नंतर धुऊन ठेव."