वाकडचा एक उन्हाळा : सन १९६१

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी ज्ञातीतील थोर पुरुषांची चरित्रे येतात, आणि ती यावीतही. परंतु ज्या घरांतून ही माणसे निपजली त्या घरांत प्रथम गर्भार राहिलेली सून वैशाखातले दिवस कशी काढीत असे, हे कोणी लिहून ठेवीत नाही. आमच्या मातोश्रींच्या तोंडून आम्ही ते अनेकवार ऐकले. त्या आता हयात नाहीत. म्हणून आठवते तेवढे कागदावर उतरवून ठेवतो.

त्या काळचे वाकड म्हणजे मुळा नदीच्या उत्तर तीरावरचे शेतकऱ्यांचे गाव. पलीकडच्या काठाला बालेवाडी आणि बाणेर. सांप्रत जेथे बहुमजली इमारती उभ्या आहेत आणि चैत्र लागला की पाण्याच्या टाक्यांच्या गाड्या धावतात, तेथे ज्वारीची व हरभऱ्याची राने होती. गाव महानगरपालिकेच्या हद्दीत आले ते १९९७ साली. नदीच्या उगमाकडचे पाणी मुळशीला टाटांच्या धरणात अडवून सह्याद्रीखाली भिऱ्याला वीज करण्यासाठी उतरविले जाते. त्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढाकाराने झालेला सत्याग्रह वाचकांस ठाऊक आहेच. उन्हाळ्यात गावापाशी पात्रात डोह तेवढे राहत आणि मधला उतार घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडता येई. ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे.

मातोश्रींचे वय तेव्हा एकोणीस, तीर्थरूपांचे तेवीस. तीर्थरूप पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये कामाला होते. हा सरकारी कारखाना १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने स्थापन झाला आणि तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. तीर्थरूप सायकलीवरून थेरगावच्या वाटेने, पवना ओलांडून पाळीला जात. रात्रपाळी संपवून ते उन्ह चढता चढता घरी येत, तेव्हा मातोश्री विहिरीवरून तिसरी खेप आणीत असत. वडीलधाऱ्यांदेखत नवराबायकोने बोलावयाचे नाही, अशी घराची रीत होती. दोघांचे बोलणे होई ते रात्री अंगणात बाजा टाकल्यावर, आणि तेही कुजबुजत.

गर्भारपणी काम सुटत नसे. जात्यावर बसल्याने बाळंतपण सोपे जाते अशी बायकांची समजूत होती, आणि त्या समजुतीत घराची सोयही होती! चैत्र-वैशाखात कुरडया, सांडगे, पापड, शेवया असा वर्षाचा संभार करावयाचा. त्यात सुनेचे हात हवेतच. मात्र भर दुपारी तिला उन्हात धाडीत नसत. माजघरात ओल्या पोत्यावर मडके ठेवलेले असे. नाचणीची आंबील, ताक, कांदा-भाकरी आणि कैरीचे पन्हे हा आहार. पपई वर्ज्य. हनुमानजयंतीला हिंजवडीहून म्हातोबाचे बगाड वाकडास येते. त्या वर्षी मातोश्रींनी ते गर्दीत न जाता ओट्यावरूनच पाहिले.

डोहाळे हा शब्द किती जुना आहे ते पाहण्यासारखे आहे. सुश्रुताने म्हटले आहे की चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून स्त्री दोन हृदयांची होते आणि तिच्या इच्छा पुरविल्या पाहिजेत. त्या ‘दौहृदा’चेच प्राकृतातून आलेले रूप म्हणजे आपले डोहाळे. कालिदासाच्या रघुवंशातील सुदक्षिणेला माती खाण्याचे डोहाळे लागतात. उन्हाळा सरताना पहिल्या सरीने भिजलेल्या डबक्याचा वास हत्तीने पुनःपुन्हा घ्यावा, तसा राजा दिलीप तिच्या मुखाचा मृद्गंध घेतो. मातोश्रींनाही भाजक्या मातीचेच डोहाळे होते. चुलीचा पोपडा त्या चोरून खात. आमच्या आजीने पाहिले तेव्हा रागावण्याऐवजी, “खा गं, पण थोडा खा,” एवढेच म्हटले. अंगातील रक्त कमी झाले म्हणजे अशी इच्छा पुष्कळदा होते, असे आता डॉक्टर सांगतात. हातात लोहाच्या गोळ्या पडण्यास मात्र पुढच्या पिढीपर्यंत वाट पाहावी लागली.

सातव्या महिन्यात ओटी भरली. मोगऱ्याच्या कळ्यांची वाडी आजीने स्वतः गुंफली होती. बाळासाठी नवे काही शिवावयाचे नाही, हा निर्बंध. म्हणून जुन्या लुगड्यांची फडकी उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवीत. तीर्थरूप म्हणत, आमच्या कारखान्यात वाफेने करतात ते आईने उन्हाने केले.

परंतु या घरावर त्या उन्हाळ्यात एक सावट होते. तीन वर्षांपूर्वी, १९५८ साली, आमच्या थोरल्या काकू पहिल्या बाळंतपणात नवव्या दिवशी तापाने गेल्या. मूल जगले, आजीने गाईच्या दुधावर वाढविले. सुईण अनुभवी होती, अर्धे गाव तिच्या हातून जन्मले होते. तिला बोल लावणे आम्हांस योग्य वाटत नाही. हात स्वच्छ धुतल्यावाचून प्रसूत स्त्रीला स्पर्श करू नये, हे व्हिएन्ना येथे सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ साली सांगितले, तेव्हा तेथील विद्वानांनीदेखील त्याची टर उडविली होती. आमच्या घराला खरी सल होती ती निराळीच. ज्या तापावर पेनिसिलीन चालते ते दोन-तीन कोसांवर तयार होत होते, आणि घरातील कोणाच्याही ते वेळेवर लक्षात आले नाही. तीर्थरूप त्या वेळी कारखान्यात नुकतेच लागलेले होते.

म्हणून त्यांचे म्हणणे पडले की बाळंतपण पुण्यास इस्पितळात व्हावे. रास्ता पेठेतील के. ई. एम. मध्ये डॉ. बानू कोयाजी १९४४ पासून काम करीत होत्या, व तेथील बाळंतपणांची कीर्ती खेड्यांतूनही पोचली होती. आजी म्हणाल्या, पहिले बाळंतपण माहेरी. त्यात बदल होणे नाही. आमचे आजोळ बाणेरचे. या वादात शेवटी नदीनेच तोड सुचविली. बाणेर मुळेच्या पुण्याकडील काठावर. तेथून पाऊस असो वा नसो, औंधावरून पुणे गाठता येई. वाकडास राहिल्यास मृगाच्या पुरानंतर उतार बंद. तेव्हा मृग लागण्याच्या आत सुनेने माहेरी जावे आणि अडले तर तेथून पुण्यास न्यावे, असे ठरले. एका पहाटे बैलगाडी उतारातून पलीकडे गेली. दुसरी जोडी लावावी लागली नाही, एवढे पाणी कमी होते.

त्या वर्षी अधिक ज्येष्ठ होता. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून तेहतीस अनारशांचे वाण द्यावयाचे, ही रीत. तीर्थरूप चालत नदी उतरून बाणेरास गेले. पुरणाचे धोंडे जेवून झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक डेटॉलची बाटली, साबणाची वडी आणि कोऱ्या ब्लेडची पुडी काढून सासूबाईंपुढे ठेवली. “मामी, एवढे माझे ऐका. सुईणबाईंनी आधी हात धुवावेत, बांगड्या काढाव्यात, आणि नाळ या पात्यानेच कापावी.” ज्या खात्यात बाटल्यांत औषध भरले जाई तेथे हात धुऊन, तोंडाला फडके बांधूनच आत सोडीत, तेवढीच त्यांची वैद्यकी. सासूबाई म्हणाल्या, “जावईबापू, बायकांच्या खोलीतले तुम्ही कधीपासून पाहू लागलात?” मातोश्री दाराआड उभ्या होत्या. त्या दिवशी दोघांचे एक अक्षरही बोलणे झाले नाही. पण परतताना त्यांनी दारातून, सर्वांच्या देखत, “जपून जा” एवढे म्हटले, आणि ते पुढे वर्षभर घरात चेष्टेचा विषय झाले.

पुढच्या गोष्टी थोडक्यात. बाळंतिणीच्या खोलीला खिडकी होती, ती सासूबाईंनी उघडी ठेवू दिली. शेगडी व ओव्या-शेपांची धुरी मात्र ज्येष्ठाच्या उकाड्यातही चुकली नाही. इस्पितळात जावे लागले नाही. आम्ही त्याच अधिक महिन्यात पहाटे जन्मलो. जन्मास महिना झाला असेल-नसेल तोच १२ जुलै रोजी पानशेत फुटून पुण्याच्या पेठांत पाणी शिरले, आणि बाणेरहून पुण्यास जाण्याची ती सोय किती नाजूक होती ते सर्वांस कळले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मातृत्व लाभ अधिनियम झाला. हिंजवडीच्या कंपन्यांत काम करणाऱ्या आपल्या लेकीसुनांना २०१७ पासून सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली ती त्याच कायद्याच्या सुधारणेने. आता त्यांच्यापैकी पुष्कळजणी माहेरी जात नाहीत. आईच सामान घेऊन वाकडच्या सदनिकेत येते.

बाणेरच्या सुईणीने हात धुतले काय, असे आम्ही मातोश्रींना एकदा विचारले होते. त्या हसल्या. सुईणीने आधी बाटलीचा वास घेऊन नाक मुरडले, मग कोपरापर्यंत हात धुतले आणि पाते उकळून घेतले. बाराव्या दिवशी लुगडे, खण आणि पायली ज्वारी दिली, तेव्हा तिने कोनाड्यातली ती अर्धी राहिलेली बाटलीही मागून नेली.